हन्नेचे अश्रू आणि एलीची चूक

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आरंभ एका निपुत्रिक स्त्रीच्या अश्रूंनी होतो. एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नेला मुलेबाळे होती, हन्नेला नव्हती. दरवर्षी शिलोच्या यात्रेत सवत तिला डिवचीत असे आणि हन्ना पुढचे ताट बाजूला सारून रडत बसे. नवऱ्याचा तिच्यावर जीव होता, तो समजूतही घाली. पण त्या समजुतीने तिची कूस उजवणार नव्हती. अखेर एके वर्षी ती परमेश्वराच्या मंदिरात जाऊन ओठ हलवीत मनातल्या मनात प्रार्थना करू लागली. चौकटीशी एली याजक बसला होता. त्याने तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले, ही बाई मद्य प्यालेली आहे असा निष्कर्ष काढला आणि तिची कानउघाडणी केली.

हन्नेच्या श्रद्धेवर आम्ही धर्मगुरूंनी पुष्कळ प्रवचने दिली आहेत. एलीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही. एली दुष्ट नव्हता. चूक उमगताच त्याने तिला आशीर्वाद देऊन पाठविले. तरीही परमेश्वराच्या दारात बसलेल्या माणसाने एका स्त्रीच्या दुःखाला दुर्वर्तन समजावे, ही गोष्ट मनाला लागून राहते. गेली काही वर्षे मध्य आफ्रिकेच्या इतिहासाचे वाचन करीत असताना हा एली आम्हांला पुनःपुन्हा भेटत राहिला. कधी तो लष्करी डॉक्टरच्या वेषात होता, कधी वसाहतीच्या अंमलदाराच्या, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण कधी आमच्यासारख्याच पांढऱ्या झग्यातही होता.

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुलांनी गजबजलेली अंगणे येतात. वाढत्या लोकसंख्येची चर्चा इतकी झाली आहे की त्याच खंडात एकेकाळी पाळणे रिकामे राहिल्याने गावेच्या गावे ओस पडू लागली होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. पश्चिमेला गाबोन व कॅमेरून, मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक व काँगोचा उत्तर भाग आणि पूर्वेला दक्षिण सुदान, असा एक सलग पट्टा आहे. लोकसंख्येच्या अभ्यासकांनी त्याला वंध्यत्वाचा पट्टा असेच नाव दिले. कोणत्याही समाजात शंभरांतील तीन ते पाच स्त्रिया निसर्गतःच अपत्यहीन राहतात. गाबोनमध्ये १९६०-६१ साली जी पाहणी झाली तिच्यात मूल होण्याचे वय ओलांडलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्त्रियांच्या पदरात एकही मूल पडले नव्हते असे आढळले. बेल्जियन काँगोच्या काही जिल्ह्यांत १९५५ ते १९५७ या काळात झालेल्या मोजणीचे चित्रही याहून फारसे निराळे नव्हते.

आम्ही सेमिनरीत असताना ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात जुन्या मिशनरी नियतकालिकांचे बांधीव खंड धूळ खात पडलेले असत. सुटीच्या दुपारी आम्ही ते चाळीत असू. आफ्रिकेवरील मजकुरात बहुपत्नीकत्व, सैल नीती आणि रिकामी गावे ही तिन्ही एका दमात येत; पहिल्या दोहोंमुळे तिसरे, असा सरळ हिशेब असे. आम्हीही तेव्हा तो हिशेब न तपासता मान्य केला होता.

तपासून पाहू गेल्यास गोष्ट फार मागे जाते. १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी जहागीर होता. रबराच्या चिकासाठी पुरुषांना जंगलात पिटाळावयाचे आणि ठरलेले वजन भरेपर्यंत त्यांच्या बायकांना ओलीस धरून कोंडून ठेवावयाचे, ही तेथली रीत होती. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांच्या १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने ही रीत जगासमोर आणली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे बोआली नावाच्या एका स्त्रीने साक्ष दिली. नवरा रबर आणावयास रानात गेलेला असताना कंपनीच्या पहारेकऱ्याने तिच्याकडे शरीरसुख मागितले. तिने नकार दिला. त्याने गोळी झाडली आणि ती मेली असे समजून पायातील पितळी वाळा काढून घेण्यासाठी तिचे पाऊल तोडले. ती मेल्याचे सोंग घेऊन निपचित पडून राहिली, म्हणूनच पुढे साक्ष देण्यास वाचली. ज्यांना बोआलीसारखा नकार देता आला नाही, त्या कोंडवाड्यांतील स्त्रियांचे काय झाले असेल ते वाचकांनीच जाणावे.

नदीपलीकडील फ्रेंच मुलखातही स्थिती निराळी नव्हती. १८९९ मध्ये तेथील जमीन कंपन्यांना वाटून देण्यात आली. बांगी येथे ओलीस धरलेल्या स्त्रिया कोंडलेल्या जागेतच मरण पावल्याची हकिकत १९०५ साली सावोर्न्यां द ब्राझा यांच्या चौकशीत नोंदली गेली. पुढे सक्तीचा कापूस आला, रस्ते आले, १९२१ ते १९३४ या काळात काँगो नदीपासून समुद्रापर्यंतचा लोहमार्ग आला. प्रत्येक कामासाठी हजारो तरुण पुरुष घरापासून दूर छावण्यांत राहिले. शिपाई, हमाल आणि मजूर यांच्या या ये-जा करणाऱ्या वाटांवरून परमा आणि गरमी हे रोग गावोगाव पसरले. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांची बीजे आधीच पेरून ठेवली होती असेही काही इतिहासकार मानतात. परम्याची खोड अशी की स्त्रीला पुष्कळदा काही जाणवतही नाही. आतल्या आत बीजवाहिन्या सुजतात, बुजतात आणि वाट कायमची बंद होते. क्लॅमिडिया नावाच्या दुसऱ्या एका संसर्गाचेही हेच आहे. पण त्याची नीट ओळख वैद्यकाला फार उशिरा पटली.

म्हणजे दुखणे बाहेरून आले, सत्तेच्या आणि कंपन्यांच्या पायांनी आले. आरोप मात्र घरातल्या स्त्रीवर झाला.

युगांडाचे उदाहरण घ्या. १९०८ च्या सुमारास कर्नल लॅमकिन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर तेथे गेले आणि गांडा लोकांमध्ये गरमीचा भयंकर प्रसार झाला असून ही जमात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, असा अहवाल त्यांनी दिला. कारण काय, तर ख्रिस्ती धर्माच्या आगमनाने स्त्रियांवरची जुनी बंधने सुटली आणि त्या मोकळ्या झाल्या! मागाहून सक्तीची तपासणी व सक्तीचे उपचार यांचे नियम आले. पुढच्या पिढीतील डॉक्टरांनी जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा लॅमकिन यांनी ज्याला लैंगिक रोग म्हटले त्यातील पुष्कळसा भाग यॉज नावाच्या साध्या स्पर्शजन्य त्वचारोगाचा असावा, असे मत पुढे आले. लहान मुलांना अंगणात खेळता खेळता होणारा हा रोग. त्यासाठी एका समाजातील सर्व स्त्रियांच्या शीलावर शिंतोडे उडाले होते. मिशनऱ्यांना हा अहवाल झोंबला, कारण त्यात धर्मावर ठपका होता. पण त्यांनी जे उत्तर दिले तेही बहुधा स्त्रियांच्या नीतीवर अधिक कडक नजर हवी, हेच.

काँगोच्या विषुववृत्तीय जंगलातील मोंगो लोकांमध्ये राहिलेल्या दोन धर्मगुरूंचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी संघाचे फादर गुस्ताफ हुलस्टार्ट १९२५ साली तेथे गेले आणि १९९० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपले आयुष्य त्या लोकांच्या भाषेला आणि चालीरीतींना वाहिले. त्यांचे सहकारी फादर एडमंड बूलार्ट. दोघांनी मिळून १९३७ मध्ये ‘एक्वातोरिया’ हे नियतकालिक सुरू केले. मोंगो लोकांच्या विवाहपद्धतीवरील हुलस्टार्ट यांचा ग्रंथ १९३८ चा, तर त्याच लोकांच्या घटत्या संख्येवरील बूलार्ट यांचा अभ्यास १९४६ चा. ही माणसे पुण्याईची होती, गावकऱ्यांच्या भाषेत बोलत होती आणि वसाहतीच्या अंमलदारांशी भांडतही होती. त्यांच्या कामाविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तरीही विवाहाचे नियम, वधूमूल्याचे हिशेब आणि कुळांच्या वंशावळी यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या पानांत जिला मूल नाही अशा एखाद्या बाईचे स्वतःचे म्हणणे आम्ही शोधले, तर ते आम्हांला फार थोडे सापडले. व्रतस्थ पुरुषाला अशी बाई काय सांगणार, आणि सांगितले तरी त्याला काय ऐकू येणार, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारून पाहिला. आमच्या दाराशी मूल व्हावे म्हणून आशीर्वाद मागावयास जोडपी क्वचितच येतात. येतात त्या बहुधा एकट्या बायका, आणि त्याही मिस्सा संपून गर्दी पांगल्यावर.

अशा स्त्रियांचे ऐकून घेणारी व्यक्ती मध्य आफ्रिकेला भेटली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस. आन् रेतेल-लोरांतँ या फ्रेंच डॉक्टर, आणि मानववंशशास्त्रज्ञही. बांगासूच्या परिसरातील न्झाकारा लोकांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. हे एकेकाळचे एक प्रबळ राज्य. ते आता विरत चालले होते. रेतेल-लोरांतँ यांनी एकेका स्त्रीची संपूर्ण विवाहकहाणी लिहून घेतली: कधी लग्न झाले, किती गर्भ राहिले, किती पडले, नवऱ्याने कधी टाकले, मग दुसरे घर, मग तिसरे. ‘कृष्ण आफ्रिकेतील वंध्यत्व’ अशा अर्थाचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९७४ साली निघाला आणि न्झाकारांवरील स्वतंत्र ग्रंथ १९७९ साली. बायका घरे बदलतात म्हणून त्यांना मुले होत नाहीत, असे अंमलदार व मिशनरी म्हणत आले होते. या कहाण्या वाचल्यावर दिसते की मूल होत नाही म्हणून घर मोडे, घर मोडल्यामुळे नवे घर शोधावे लागे आणि त्या फेऱ्यात रोग आणखी पसरे. एका बाईची चौथ्या नवऱ्याच्या घरी बसलेली मूर्ती दुरून पाहणाऱ्याला स्वैराचार वाटे. तिच्या मनात मात्र एकच आशा असे की या घरी तरी देव माझ्याकडे पाहील.

त्या समाजांत मूल नसणे म्हणजे काय, हे समजावून घेतल्याशिवाय या आशेचा दाह कळणार नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत स्त्रीला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात: मामा जुमा, म्हणजे जुमाची आई. (आपल्याकडे मामा हा आईचा भाऊ, तिकडे मामा म्हणजे साक्षात आई.) जिला मूलच नाही तिला काय म्हणावे? ती म्हातारी झाली तरी तिच्या नावापुढे ते आदराचे पद लागत नाही. पुष्कळ जमातींत विवाह हा एका दिवसाचा विधी नसून टप्प्याटप्प्याने पुरा होणारा करार असतो आणि पहिले मूल जन्मल्यावरच तो पक्का होतो. मूल झाले नाही तर वधूमूल्य परत मागता येते, आणि ते परत करण्याची वेळ आलेल्या माहेरालाही लेक जड होते. कॅमेरूनमधील बांगांगते येथे राहून पामेला फेल्डमन-सावेल्सबर्ग यांनी १९९९ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात त्या लोकांची एक कल्पना येते: गर्भ धरणे म्हणजे रांधणे. प्रत्येक पत्नीचे स्वतंत्र स्वयंपाकघर असते. कूस रिकामी राहिली म्हणजे कोणीतरी चेटकाने तिचे स्वयंपाकघर लुटले असे मानतात. कोणी लुटले याचा शोध सुरू झाला की बोट सवतीकडे, सासूकडे, कधी त्या बाईच्याच माहेरकडे वळते.

आणि नवरा? त्याला मूल होणे शक्यच नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नसे. घानाच्या लेखिका अमा अता आयडू यांच्या १९७० सालच्या ‘अनोवा’ या नाटकात याच असत्याचा स्फोट होतो. वर्षानुवर्षे वांझ म्हणून हिणवली गेलेली नायिका अखेर चारचौघांत उघड करते की उणीव पतीच्या ठायी आहे, आणि ते सत्य त्या घराला पेलवत नाही. आज डॉक्टर सांगतात की अपत्यहीनतेच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा वाटा असतो. नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांची १९६६ ची ‘एफुरू’ ही कादंबरीही याच दुःखाभोवती फिरते. एकुलती लेक गमावलेली कर्तबगार एफुरू सरोवराच्या देवीची उपासक होते. देवी संपत्ती देते, रूप देते. मूल देत नाही. आणि तरीही बायका तिलाच का पुजतात, हा प्रश्न लेखिका वाचकापुढे ठेवून बाजूला होते.

आता ख्रिस्तसभेच्या बाजूचे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेने स्पष्ट सांगितले, आणि १९८३ च्या संहितेच्या १०८४ व्या नियमाने ते पुन्हा सांगितले, की वंध्यत्वामुळे विवाहाला ना बाध येतो, ना तो रद्द होतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही संतती नसली तरी विवाहाचे मोल अबाधित राहते असे शिकविले. रोममध्ये लिहिलेले हे शब्द आफ्रिकेच्या खेड्यातील स्त्रीसाठी केवढा आधार होते! कुळ म्हणत होते, हिला परत पाठवा. ख्रिस्तसभा म्हणत होती, हीच तुझी पत्नी. या आधाराच्या बळावर निभावून गेलेले संसार होते.

पण हाच आधार दुसऱ्या बाजूने कसा टोचला तेही सांगितले पाहिजे. एकदा वेदीसमोर वचन दिले की सुटका नाही हे ठाऊक असल्यामुळे असंख्य जोडपी पहिले मूल होईपर्यंत चर्चमध्ये लग्नच लावीनात. कुळाच्या रीतीने ती नवराबायको असत, मिशनच्या वहीत मात्र पापात राहणारी. धर्मगुरू वर्षानुवर्षे या ‘अनियमित’ जोडप्यांबद्दल कळवळून लिहीत राहिले. त्यामागे वंध्यत्वाची भीती आहे हे पुष्कळांना उशिरा उमगले. आणि ज्यांचे लग्न चर्चमध्ये झाले त्यांच्यातील एखादा पुरुष मुलासाठी दुसरी बाई घरात आणी, तेव्हा त्याला पवित्र भोजनाची बंदी होई. बंदीने मूल होत नव्हते आणि सवतही जात नव्हती. पहिली बायको दर रविवारी एकटी चर्चला येई, वेदीजवळ जाई, आणि घरी परतल्यावर तिची चूल मागच्या बाजूला सरकलेली असे. मासाई लोकांमध्ये काम केलेले फादर युजीन हिलमन यांनी १९७५ मध्ये बहुपत्नीकत्वाच्या प्रश्नाचा पुनर्विचार करणारा ग्रंथ लिहिला. १९७७ मध्ये किसेम्बो, मागेसा आणि शॉर्टर यांचा आफ्रिकी ख्रिस्ती विवाहावरील ग्रंथ आला. टप्प्याटप्प्याने होणारा विवाह आणि अपत्यहीन दांपत्य यांचा त्यात जवळून विचार झाला, आणि तिघांपैकी दोघे त्याच मातीतले होते. हिलमन यांचे सारेच निष्कर्ष आम्हांला पटतात असे नाही, परंतु प्रश्न त्यांनी नीट ऐकला होता.

पट्ट्याची पुढची हकिकत थोडक्यात सांगता येते. १९५० च्या दशकात यॉजच्या निर्मूलनासाठी गावोगाव पेनिसिलीन टोचण्यात आले आणि त्याच सुईने इतर संसर्गही हटले. अनातोल रोमानियुक या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवून दिले की झाईरच्या ज्या भागांत पाळणे रिकामे होते तेथे जन्म वाढले होते. नीतीवरील प्रवचनांनी अर्धशतकात जे झाले नाही ते या औषधाने बऱ्याच अंशी केले. तरी रोग संपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ साली आले. उपचारासाठी आलेल्या आफ्रिकी स्त्रियांपैकी फार मोठ्या बहुसंख्येत वंध्यत्वाचे मूळ संसर्गात होते. पुष्कळींना आधी एक मूल झालेले असते आणि अस्वच्छ बाळंतपणात किंवा गर्भपातात वाट बंद होते. याच संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केले की जगभरात सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, आणि श्रीमंत व गरीब देशांत यात फारसा फरक नाही. उपचारांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या सगळ्यात त्या स्त्रिया केवळ सोशीत राहिल्या, असे मात्र समजू नये. दक्षिण सुदानच्या नुएर लोकांमध्ये मूल न होणारी स्त्री गुरे जमवून, वधूमूल्य देऊन दुसऱ्या स्त्रीशी रीतसर विवाह करू शके. जन्मलेली मुले तिला बाप म्हणत आणि तिच्या कुळाची गणली जात. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९५१ च्या ग्रंथात हे नोंदविले आहे. केनियाच्या नांदी लोकांतही अशी रीत आहे. यात शरीरसंबंध नसतो, घराणे चालविण्याची सोय असते. मिशनऱ्यांना ही चाल समजली नाही, आणि समजावून घेण्याची गरजही पुष्कळांना वाटली नाही.

वंध्यत्वाच्या पट्ट्याबाहेर, पार पश्चिमेला अटलांटिकच्या किनाऱ्यावर, गाम्बिया आणि सेनेगालचा कासामान्स प्रांत यांत एक आणखी चाल आहे. तेथील दियोला लोकांत कॅथॉलिक कुटुंबेही बरीच आहेत. जिला मूल होत नाही, किंवा जिची मुले एकामागून एक दगावतात, ती कान्यालेन होते. सासर सोडून ती दुसऱ्या गावी जाऊन राहते. तेथे तिला नवे, हास्यास्पद नाव मिळते. ती चिंध्या पांघरते, विदूषकासारखी नाचते, हलकी कामे करते, लोकांची टिंगल सहन करते आणि उलट त्यांचीही करते. मुले चोरणाऱ्या शक्तींनी तिला ओळखू नये, किंवा देवाला हसू येऊन त्याने तिच्या ओंजळीत काहीतरी टाकावे, अशी त्यामागची समजूत. मूल झाले तर त्याला नकोसे वाटेल असे नाव ठेवतात. आपल्याकडे आधीची मुले गेल्यावर जन्मलेल्याला धोंडू किंवा दगडू म्हणत, तसेच. ते मूल जगेल अशी खात्री पटली की मोठा सोहळा होतो आणि आई गावी परतते.

गाम्बियात अशा स्त्रियांची मंडळे आहेत. लग्नात, बारशात त्या गाणी घेऊन येतात, मोठ्या लाकडी चमच्यांनी खातात आणि बड्या माणसांना चारचौघांत जे ऐकवता येत नाही ते ऐकवतात; त्यांना कोणी रागे भरत नाही. पुढे सरकारी आरोग्य खात्यानेही लसीकरणाचा आणि बाळंतपणातील काळजीचा निरोप घरोघर पोहोचविण्यासाठी त्यांचीच मदत घेतली. मंडळातील काही जणींना पुढे मूल झालेले असते. काही जणींना ते कधीच होत नाही. त्या कोणा नातलगाचे मूल वाढवितात आणि मंडळात राहतात, म्हाताऱ्या होईपर्यंत.